तुरुंगातल्या एका भेटीचा खर्च किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारागृहातल्या ‘आर्थिक साक्षरता कार्यशाळे’ची बातमी आपल्या अंकात दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रासह वाचली. त्यावर आलेलं एका वाचकाचं पत्रही वाचलं. ज्यांनी लोकांना लुबाडलं त्यांनाच बँकेचे व्यवहार शिकवायचे, म्हणजे पुढच्या चोरीची तयारी सरकारी खर्चाने करून द्यायची का, असा त्यांचा सवाल आहे. मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि काही वर्षांपासून शनिवारी दुपारी एका कारागृहात हाच विषय शिकवायला जातो, म्हणून हे लिहितो आहे. कारागृहाचं नाव देत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला आत येऊ दिलं, माझ्या मतांचा ताप त्यांना नको.

आधी पत्रलेखकांच्या शंकेविषयी. माझ्या वर्गात पतसंस्थेतल्या अपहाराच्या प्रकरणातला एक गृहस्थ बसायचा. चक्रवाढ व्याजाचं गणित मी फळ्यावर निम्मं मांडतो न मांडतो तोच त्याचं उत्तर तयार असे. त्याला मी काय बँकिंग शिकवणार? पैशाची लबाडी ज्याला येते तो ती शिकूनच आत आलेला असतो. बाकीचे लोक वेगळे. बांधावरून झालेली मारामारी, दारूत घडलेला खून, वाहनचोरी, घरफोडी. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात चेक लिहिलेला नाही. पैसे काढायची स्लिप शेजारच्या माणसाकडून भरून घेतली, खाली सही केली किंवा अंगठा उठवला, एवढाच त्यांचा बँकेशी संबंध. खातं कुठल्या बँकेत आहे असं विचारलं तर ‘स्टँडजवळच्या’ असं उत्तर येतं.

माझी तक्रार कार्यशाळेविषयी आहे. बचत, विमा, गुंतवणूक, म्युच्युअल फंड आणि डिजिटल व्यवहार हे सगळं म्हणे एका सकाळी उरकलं. अशा एका कार्यक्रमाला मीही मागे बसलो होतो. पाहुण्यांनी पडद्यावर चढत जाणारी रेघ दाखवली आणि म्हणाले, दरमहा पाच हजार बाजूला टाका आणि वीस वर्षांनी चमत्कार बघा. समोर पांढऱ्या टोप्यांच्या रांगा. वीस वर्षं म्हणजे काय हे त्यातल्या काहींना पाहुण्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. आत पाहुणा आला की टाळ्या पडतातच.

मी नोकरीची सुरुवातीची वर्षं तालुक्याच्या पोस्टात खिडकीवर काढली आणि नंतरची काही कारागृहाजवळच्या पोस्टात. त्यामुळे पैसा निघतो कुठून आणि पोचतो कुठे, ही दोन्ही टोकं पाहिली. आतल्या मजुरीतून घरी जाणाऱ्या मनिऑर्डरी असत, पण घरून आत येणाऱ्या त्याहून पुष्कळ. तालुक्याच्या खिडकीवर बाई पदराची गाठ सोडून नोटा मोजायची. हजाराला पन्नास रुपये कमिशन म्हटल्यावर पुन्हा मोजायची आणि म्हणायची, “मग नऊशेचीच करा, साहेब.” जुन्या कागदी फॉर्मच्या तळाशी निरोपाला जागा असे. ती मजकूर सांगायची आणि मी लिहायचो: वकिलाला दिले, शेळी विकली, तब्येतीला जप. शेळी किती वर्षांची होती, कितीला गेली, तिच्या दुधावर कोण होतं, हे त्या चार बोटं जागेत मावत नसे. आतल्या माणसाला नऊशे रुपये मिळत आणि कॅन्टीनमधून साबण, फरसाण, तंबाखू यायची.

म्हणून मी वर्गाची सुरुवात बचतीने करत नाही. वही काढायला लावतो आणि एकच प्रश्न विचारतो: तुमच्या एका मुलाखतीचा, म्हणजे आत येऊन भेटण्याचा, घरच्यांना खर्च किती येतो? पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. ‘असतील शंभर-दीडशे’ असं कोणीतरी म्हणतं. मग त्यांना सांगतो, पुढच्या मुलाखतीला बायकोला विचारा, आईला विचारा आणि आकडे घेऊन या.

जत तालुक्यातल्या एका माणसाने आणलेले आकडे माझ्या वहीत आहेत. बायको आणि पोरगा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते धरून येण्याजाण्याचे २४०. बुडालेला रोज ३००. पोराचा वडापाव आणि दोघांचा चहा ६०. आत ठेवून गेली ते १,०००. एकूण १,६००. हा माणूस सतरंज्यांच्या विभागात अकुशल कामाला होता आणि अकुशल कामाचा २०२३ मध्ये ठरलेला दर रोजी ५३ रुपये. फळ्यावर मी भागाकार त्यालाच करायला लावला. तीस आले. म्हणजे महिनाभर, एकही सुट्टी न घेता, हातमागावर बसल्यावर जेवढे मिळतात तेवढे त्याच्या एका भेटीत घरातून गेले होते. आणि ही बाई दर महिन्याला येत होती.

मागच्या रांगेतला एक जण चिडला. “मास्तर, घरच्यांनी येऊ नये म्हणून शिकवताय काय?” त्याचा राग रास्त होता. भेट तोडायची नाही, हे मी तेव्हापासून आधीच सांगून टाकतो. ज्याच्या घरचं माणूस येत राहतं त्याला सुटल्यावर जायला घर असतं, एवढं मी पाहिलंय. पण त्या १,६०० पैकी ६०० भेटीचे आहेत आणि १,००० फरसाण-तंबाखूचे. जतच्या माणसाने पुढच्या वेळी बायकोला सांगितलं की आता पाचशेच ठेव. एवढंच झालं. पण मी त्या कारागृहात शिकवलेल्या गोष्टींपैकी याच गोष्टीचा पैसा खरोखर कोणाच्या तरी हातात उरला.

दुसरा धडा कर्जाचा, आणि त्यावर मी बरेच शनिवार घालवतो. माणूस आत गेला की घराला पैसा लागतो तो पहिल्या पंधरा दिवसांत: वकिलाची फी, मुन्शीचे वरखर्च, कागदपत्रांच्या नकला. बँक त्या बाईला उभं करत नाही, मग सावकार. महिना दहा टक्के हा गावातला दर. आतल्या माणसाला एवढंच कळतं की ‘वकील लावलाय’. पैसे कुठून आले, हे बाई जाळीपलीकडून सांगत नाही आणि तोही विचारत नाही. मी विचारायला लावतो. मग सांगतो की महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची असते. आणि दामदुप्पट, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, हा आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ असलेला नियम आजही कायद्यात आहे. वीस हजारांवर पन्नास हजार व्याज देऊन वर मुद्दल तसंच उभं आहे असं सांगणारे लोक मला दर वर्गात भेटतात.

याच कारणासाठी राज्य सहकारी बँक आणि कारागृह विभागाची ‘जिव्हाळा’ योजना मला कुठल्याही कार्यशाळेहून मोलाची वाटते. मे २०२२ मध्ये ती येरवड्यात सुरू झाली. बंद्याला त्याच्या वैयक्तिक हमीवर ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज सालाना सात टक्के, फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. हे फळ्यावर मांडतो. ५० हजारांवर वर्षाचं व्याज सात टक्क्यांनी साधारण ३,५००. तेच सावकाराच्या महिना दहा टक्क्यांनी ६०,०००. या दोन आकड्यांच्या मध्ये किती घरं बुडतात ते पत्रलेखकांनी एकदा आमच्या वर्गात येऊन ऐकावं. मजुरीच तुटपुंजी असल्यामुळे फेड लांबते, ही त्या योजनेची खरी अडचण, पण ती योजनेची नाही, मजुरीची. त्यावर पुढे लिहितो.

जामीनदारीचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, पण ते घरोघरी आहे. मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केलेली असते. मित्राने हप्ते थकवले, हा आत, आणि घरी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येऊन पडतो. ‘मी तर फक्त सही केली होती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वर्गात सगळ्यांकडून एकदम म्हणवून घेतो, हसवतो आणि मग सांगतो की कर्जदाराइतकंच जामीनदारालाही भरावं लागतं.

आता खात्यांविषयी, कारण हे माझं स्वतःचं क्षेत्र. पोस्टातल्या बचत खात्यात लागोपाठ तीन आर्थिक वर्षं व्यवहार झाला नाही की ते सायलेंट, म्हणजे निष्क्रिय होतं. बँकेत दोन वर्षं पुरतात. म्हणजे पाच-सात वर्षांची शिक्षा झालेला प्रत्येक माणूस सुटतो तेव्हा त्याचं खातं झोपलेलं असतं. त्याला वाटतं पैसे गेले. गेलेले नसतात. बँकेत दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते, तरीही ती खातेदाराचीच राहते आणि मागता येते. झोपलेलं खातं पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंडही कापायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. जन्मठेपेतून सुटलेला एक म्हातारा गृहस्थ मात्र एका शाखेतून हात हलवत परत आला. काउंटरवरच्या मुलाने त्याला सांगितलं, “बाबा, तुमचं खातं बंद झालंय, नवीन काढा.” जुन्या खात्यात उसाच्या बिलाचे पैसे होते.

खात्याहून वाईट गत मोबाइल नंबरची. सिम तीन महिने वापरलं नाही की बंद होतं, आणि पुढच्या तीनेक महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. बँकेत नंबर तोच, आधारला नंबर तोच. वर्षभर आत राहिलेल्या माणसाचा ओटीपी आता परभणीत नाहीतर पनवेलमध्ये कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. ‘घरच्यांना सिम चालू ठेवायला सांगा’ एवढं म्हणून भागत नाही, कारण अनेकांचा फोन सिमसकट पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा केलेला असतो. यावर उपाय एकच दिसतो: सुटकेच्या आधी दोन-तीन महिने कारागृहातच आधार दुरुस्तीचं शिबिर लावायचं, आणि घरात चालू असलेला एखादा नंबर तिथेच जोडून घ्यायचा. माझ्या मते कार्यशाळेच्या दहा भाषणांपेक्षा असं एक शिबिर बरं.

यूपीआय शिकवणं हा प्रकार आत फार मजेशीर होतो, कारण फोन आत नेता येत नाही. माझा फोन, पाकीट, किल्ल्या गेटवर जमा होतात. मी साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून फोन केले. एक जण दुकानदार, एक गिऱ्हाईक, एक चोर. चोराची भूमिका करायला सगळे तयार असतात, तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. चोर फोन करून म्हणतो, ‘काका, तुम्हाला पाच हजार पाठवलेत, घ्यायला पिन टाका.’ काकाने पिन टाकला की वर्ग ओरडतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो, एवढं या खेळातून पक्कं बसतं. २०१५ पासून आत असलेला एक जण यूपीआय हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होता. दोन हजारांची नोट त्याने पाहिलीच नव्हती. ती नोव्हेंबर २०१६ मध्ये आली आणि मे २०२३ मध्ये चलनातून मागे घ्यायला सुरुवात झाली, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे माझ्या माघारी एक नोट जन्मली आणि मेली पण.” दोनशेची नोट मात्र त्याला बाहेर गेल्यावर दिसेल, तिची मी छापील रंगीत प्रत दाखवली. अशी प्रत नेण्यासाठीही परवानगीचा अर्ज करावा लागला, आणि ते योग्यच आहे.

आता मजुरी. २०२३ मध्ये आपल्या राज्यात दर वाढले तेव्हा कुशल ७४, अर्धकुशल ६७, अकुशल ५३ आणि खुल्या कारागृहात ९४ रुपये रोज असे झाले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारच्या प्रकरणात सांगितलं होतं की बंद्यांना कामाची न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, ती ठरवायला राज्यांनी मंडळ नेमावं, अन्न-वस्त्राचा खर्च त्यातून वजा करायला हरकत नाही, आणि एक भाग गुन्ह्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढण्याचा कायदा करावा. लुबाडलेल्या लोकांचं काय, असं पत्रलेखक विचारतात. त्यांच्याशी मी इथे पूर्ण सहमत आहे. पण ५३ रुपयांतून बाजूला काढायचं किती? मजुरी नीट असेल तर पीडिताच्या नावे दरमहा काहीतरी जाईल आणि ते पाठवणाऱ्याला ठाऊक असेल. बंद्याला फुकट खायला घालू नका म्हणणाऱ्यांनी तर ही मागणी सर्वांत आधी करायला हवी.

मजुरी कमी असली तरी एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. आमच्याकडे मजुरी कारागृहाच्या रजिस्टरात जमा होते आणि बंद्याला शिल्लक विचारल्यावर तोंडी सांगतात. त्याच्या नावावर खरं खातं आणि खरं पासबुक असावं. पासबुक कार्यालयात कुलपात ठेवा, पण महिन्यातून एकदा नोंद करून त्याच्या हातात द्या, त्याला वाचू द्या. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांवर उघडतं. आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, महिना १०० रुपयांपासून, म्हणजे अकुशल बंद्याची दोन दिवसांची मजुरी. मुदत पाच वर्षं. सात वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाला याहून सोयीची ठेव मला सुचत नाही, मोडायला तो पोस्टात जाणारच नाही! पाच वर्षांत सहा हजार मुद्दल आणि वर व्याज. रक्कम फार नाही. पण सुटल्यावर पहिल्या महिन्याचं खोलीभाडं, किंवा भाजीची हातगाडी मांडायला तेवढं भांडवल होतं. ते हातात नसेल तर तो पहिल्याच आठवड्यात त्याच सावकाराच्या दारात उभा राहतो, किंवा ज्यांच्यासोबत आत गेला होता त्यांच्या.

हे झालं पक्क्या कैद्यांचं. देशातल्या कारागृहांत २०२२ अखेर सुमारे ७६ टक्के लोक कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे होते. त्यांना कामाची सक्ती नसते, त्यामुळे बहुतेकांना मजुरीही नसते. आणि जामीन कधी होईल याचा नेम नाही. शनिवारी वर्गात आरडी समजून घेतलेला मुलगा मंगळवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर. म्हणून कच्च्यांसाठी मी पाठ्यक्रम ठेवत नाही. एका बैठकीत संपणाऱ्या चार गोष्टी सांगतो. त्यातली पहिली बँकेची नाहीच. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, त्यात मदत मिळू शकते. दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्यांना २५ हजारांपर्यंत. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. दुसरी गोष्ट, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले लोक यात येत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, हे तिसरं. चौथी गोष्ट वर लिहिलेल्या पिनची.

महिला विभागात मी क्वचितच जातो, तिथे आमच्याच खात्यातल्या एक निवृत्त बाई शिकवतात. पण तिथला एक प्रश्न लिहितोच. एका आईने मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं काढलं होतं. आत आल्यापासून तीन वर्षं भरणा नाही. खातं बुडालं का, असं ती विचारत होती. बुडालेलं नव्हतं. वर्षाला किमान २५० भरायचे असतात, चुकलेल्या वर्षाला ५० रुपये दंड. तीन वर्षांचे झाले ९००. भरणा आजीने केला. तिच्या वर्गातल्या बाकीच्या बायकांनी मग आपापल्या मुलींचं वय मोजायला सुरुवात केली, कारण हे खातं दहा वर्षांच्या आतल्या मुलीचंच निघतं. तिथे शिकवणाऱ्या बाईंच्या शब्दांत सांगायचं तर ‘पुरुषांना आधी विचारायला शिकवावं लागतं, बायकांना फक्त उत्तर द्यावं लागतं.’ हे मला पूर्ण पटत नाही, पण खोटंही म्हणवत नाही.

या सगळ्यात काही नवं आहे असं नाही. आमच्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या साथीने ही खुली वसाहत उभी केली. तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करत. घर चालवणं, पेरणीला किती लागलं, पिकाचे किती आले, हे तिथे शिकवायची गरज नव्हती, रोज करावंच लागे. भिंतीआडच्या कारागृहात हे होणार नाही हे मला कळतं. निदान वही आणि पासबुक तरी खरं असावं एवढंच म्हणणं आहे.

शेवटी एक विनंती, कारागृह खात्याला नाही, बँकेच्या आणि पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना. तुमच्यासमोर एखादा माणूस जुनं, कडा कुरतडलेलं पासबुक आणि कारागृहाचा सुटकेचा दाखला घेऊन उभा राहील. दाखल्यावर ‘कारागृह’ वाचून मागे सरकू नका आणि नवीन खातं काढा म्हणून घालवूनही देऊ नका. जुन्या खात्याचा नंबर यंत्रावर टाकून बघा, असतोच. केवायसीचा अर्ज, आधारची प्रत, दोन फोटो आणि सही जुळत नसेल तर नव्या सहीचा नमुना, एवढं लागतं. आणि त्याला लिहिता येत नसेल तर अर्ज तुम्हीच भरून द्या.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर,
जि. सांगली
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.)